जकात नाक्यावरून दिसणारं पिंपरी-चिंचवड

पिंपरी-चिंचवडचा इतिहास म्हटलं की लोक कारखान्यांची नावं घेतात. जकात नाक्याचं नाव कुणी काढत नाही. पण हे शहर रोज किती माल गिळतंय, ते आधी कळायचं नाक्यावरच.

१९५४ ला पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, पेनिसिलीनचा सरकारी कारखाना. मुंबई-पुणे रेल्वे शेजारी, रस्ता शेजारी, पवना जवळ. साठच्या दशकात एमआयडीसी, बजाज, टेल्को. १९७० ला नगरपालिका, १९८२ ला महापालिका. इतक्या भराभर!

आता जकातीचं गणित बघा. पोलाद, रबर, रंग, सिमेंट, काहीही हद्दीत शिरलं की पावती फाटायची. शहर जेवढा माल ओढणार, तेवढी पालिकेची तिजोरी भरणार. 'आशियातली सर्वात श्रीमंत महापालिका' हे बिरुद आपण ज्या पैशावर मिरवलं, तो मुख्यतः हा पैसा. रुंद रस्ते, उड्डाणपूल त्यातूनच झाले, ते नाकारायचं कारण नाही. पण जिची कमाईच वापरावर, ती पालिका 'आता पुरे' कशाला म्हणेल?

आणि पावती फक्त आत येणाऱ्याची. वापरून झालेलं कुठे जातं त्याची नाही. ते मोशीच्या कचरा डेपोत साठत गेलं, कुदळवाडीच्या भंगार गोदामांत गेलं. ती गोदामं फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडली. गोदामं गेली, भंगार निर्माण व्हायचं थोडंच थांबलं?

पाण्याचंही तेच. धरणाला जमिनी दिल्या मावळानं. शहरासाठी पवनेतून बंद जलवाहिनी टाकायचं ठरलं, शेतकरी विरोधात एक्स्प्रेस-वेवर उतरले. ९ ऑगस्ट २०११ ला पोलिसांनी गोळीबार केला, तिघांचा जीव गेला. शहरात नळाखाली बादली लावताना किती जणांना ही तारीख आठवते?

२००७ ला आकुर्डीत बजाजची गाड्यांची निर्मिती बंद झाली. २०१३ ला जकात गेली. वापर मात्र वाढतच राहिला, कारण तोवर कारखान्यांपेक्षा सोसायट्या जास्त माल ओढत होत्या, असं माझं मत. १९९१ ला ५ लाखांवर असलेली लोकसंख्या २०११ ला १७ लाखांवर गेली. नोव्हेंबर २०१९ पासून 'श्रीमंत' शहरात पाणी दिवसाआड आहे.

कुणाच्या घरी जकातीच्या जुन्या पावत्या असतील तर कमेंटमध्ये फोटो टाका. काय माल, किती वजन, कुठला नाका, तेवढं दिसू द्या.