दुष्काळ, मराठवाड्यातील (१९७२)

महाराष्ट्रात १९७०–७३ या काळात पडलेल्या दीर्घ अवर्षणाचा अत्यंत तीव्र टप्पा. राज्याच्या अनेक भागांत लागोपाठ दोन वर्षे पीकपाणी बेताचे झाल्यानंतर १९७२ च्या पावसाळ्यानेही दगा दिला. मराठवाड्यात त्या वेळच्या औरंगाबाद (विद्यमान छत्रपती संभाजीनगर), बीड व उस्मानाबाद (विद्यमान धाराशिव) या जिल्ह्यांना त्याची मोठी झळ पोहोचली. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच मोडत असे; तो स्वतंत्र जिल्हा १९८१ मध्ये झाला.

खरीप व रब्बी दोन्ही हंगाम बुडाल्याने धान्य, वैरण आणि शेतमजुरी यांचा एकाच वेळी अभाव निर्माण झाला. गुरे मिळेल त्या किमतीला विकावी लागली आणि अनेक कुटुंबांनी गाव सोडले. वसंतराव नाईक यांच्या शासनाने मोठ्या प्रमाणावर दुष्काळी कामे काढली. खडी फोडणे, रस्ते, बांधबंदिस्ती, पाझर तलाव यांवर मे १९७३ मध्ये राज्यात सु. ५० लक्ष मजूर होते. त्यांत भूमिहीनांबरोबर जमीनधारक शेतकरीही होते व स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. कामावर सुकडी हा पौष्टिक आहार दिला जाई. स्वस्त धान्याच्या दुकानांतून परदेशी मिलो ज्वारी मिळे. हाल पुष्कळ झाले, तथापि पूर्वीच्या दुष्काळांसारखी प्रचंड मनुष्यहानी टळली. १६३०–३२ च्या दख्खनच्या दुष्काळात गावेच्या गावे ओस पडली होती. त्या तुलनेत हा फरक लक्षणीय ठरतो.

या अनुभवातून रोजगार हमी योजनेला बळ मिळाले. वि. स. पागे यांच्या कल्पनेनुसार सांगली जिल्ह्यात आधी तिचा प्रयोग झाला होता. तिचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. मागेल त्याला काम हे तत्त्व त्यामुळे कृपेचे न राहता हक्काचे बनले. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याला या योजनेचा अनुभव उपयोगी पडला.

पाण्याच्या प्रश्नाला मात्र दोन दिशांनी उत्तर शोधले गेले. पहिली दिशा मोठ्या धरणाची. पैठणजवळ गोदावरीवरील जायकवाडी प्रकल्पाची कोनशिला लालबहादूर शास्त्री यांनी १९६५ मध्ये बसविली होती. धरणाचे उद्‌घाटन इंदिरा गांधी यांच्या हस्ते १९७६ मध्ये झाले. त्याच्या नाथसागर जलाशयाची एकूण क्षमता सु. २,९०९ दशलक्ष घ. मी. असून तीपैकी सु. २,१७१ दशलक्ष घ. मी. साठा उपयुक्त आहे. दुसरी दिशा भूजलाची. दुष्काळानंतर विंधन विहिरी व विजेचे पंप झपाट्याने पसरले. मराठवाड्याचा बहुतेक भूभाग बेसाल्ट या कठीण खडकाचा असून पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात व भेगांत साठते. हा साठा मर्यादित असतो. पावसाने भरावा त्याहून अधिक उपसा झाला, की आधी उथळ विहिरी आटतात आणि मग खोल विंधन विहिरीही कोरड्या पडतात.

त्यामुळे पुढील दुष्काळांचे स्वरूप पालटले. १९७२ मध्ये मुख्य उणीव धान्याची व रोजगाराची होती. २०१२–१३ व २०१५–१६ मध्ये दुकानात धान्य होते, परंतु पिण्याचे पाणी टँकरने आणावे लागले. जायकवाडीचा उपयुक्त साठा संपून मृत साठ्यातून पाणी उचलावे लागले. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी पोहोचविण्यात आले. धरण भरेल इतका पाऊस होणे आणि वरच्या बाजूच्या धरणांतून खाली पाणी येणे, या दोन्ही गोष्टी आपल्या हाती नसतात, हे यातून दिसून आले.

या दृष्टीने औरंगाबादचा जुना जलेतिहास उद्‌बोधक आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेल्या खडकी या गावासाठी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात नहर-ए-अंबरी बांधली. उत्तरेकडील डोंगरांतील भूमिगत पाझर एकत्र करून, जमिनीखालच्या नहरींतून केवळ उताराच्या बळावर ते पाणी वस्तीत आणले जाई. औरंगपुरा व इतर पुऱ्यांनी वाढत गेलेल्या या शहराला नहरींचा आधार दीर्घकाळ होता. येथे पाणी वापरण्याचे प्रमाण डोंगरातील पाझराने ठरविलेले असे. पुढे वाढती वस्ती, देखभालीकडील दुर्लक्ष आणि नळयोजना यांमुळे नहरी मागे पडल्या.

पाणलोट क्षेत्र विकासाचे तत्त्व याच जातीचे आहे : माथ्यापासून पायथ्यापर्यंत समपातळी चर, बांध व नालाबंधारे यांनी पाणी अडवून ते जमिनीत मुरविणे. औरंगाबाद जिल्ह्यातील आडगाव व जालना जिल्ह्यातील कडवंची ही त्याची उल्लेखनीय उदाहरणे होत. मात्र मुरविलेले पाणी उसासारख्या अधिक पाणी लागणाऱ्या पिकासाठी अनिर्बंध उपसल्यास बांधकाम कितीही चांगले असले, तरी ते निष्फळ ठरते. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने उपशाच्या नियमनाची तरतूद केली. १९७२ च्या दुष्काळाने कामाचा हक्क मान्य करविला. त्यानंतरच्या दुष्काळांनी पाण्याचा हिशेब गावपातळीवर ठेवण्याची निकड पुढे आणली. तो हिशेब पाऊस चांगला झालेल्या वर्षीही ठेवला जाणे, हाच भावी जलसंकट टाळण्याचा प्रमुख उपाय होय.