मिशिगनचे 13 मतदारसंघ : मतदान नोव्हेंबरचं, फैसला ऑगस्टचा

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातून तिथल्या संसदेच्या प्रतिनिधीगृहात 13 सदस्य निवडून जातात. या संसदेला 'काँग्रेस' म्हणतात. आपल्याकडच्या पक्षाशी त्या नावाचा काही संबंध नाही. सभागृहाची मुदत फक्त दोन वर्षांची, त्यामुळे दर सम वर्षाच्या नोव्हेंबरात तेराही जागांवर पुन्हा मतदान होतं.

अमेरिकेच्या 50 राज्यांमधून आम्ही मिशिगनच निवडलं, याचं कारण तिथले दोन शेजारी मतदारसंघ. डेट्रॉईट शहराचा पश्चिम भाग आणि डिअरबॉर्न ज्यात येतात, त्या 12 व्या मतदारसंघातून रशिदा तलैब निवडून येतात. मिनेसोटाच्या इल्हान ओमर आणि तलैब या 2018 साली काँग्रेसमध्ये पोचलेल्या पहिल्या दोन मुस्लिम महिला. बाजूच्या 13 व्या मतदारसंघातून 2022 पासून श्री ठाणेदार निवडून येतात. ते बेळगावात वाढलेले मराठी गृहस्थ, 'ही श्रीची इच्छा' हे त्यांचं मराठी आत्मचरित्र अनेक वाचकांना ठाऊक असेल. दोघंही डेमोक्रॅटिक पक्षाचे. आणि दोघांचीही पहिली खरी लढत नोव्हेंबरात झालीच नाही, ती ऑगस्टमध्ये झाली.

हे समजायला प्राथमिक निवडणूक, म्हणजे 'प्रायमरी', समजून घ्यावी लागते. आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात. तिथे पक्षाचा उमेदवार कोण, हे सामान्य मतदार मत देऊन ठरवतात. मिशिगनमध्ये ही फेरी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात होते. डेट्रॉईटसारख्या भागात डेमोक्रॅटिक पक्षाचं वर्चस्व इतकं आहे की तिथे ऑगस्टमध्ये जिंकणारा उमेदवार नोव्हेंबरात जवळजवळ निवडून आलेलाच असतो. पण ऑगस्टला मतदानाला येणारे नोव्हेंबरपेक्षा खूपच कमी. जे थोडे येतात, तेच खासदार ठरवतात.

2018 चा किस्सा यासाठी सांगण्यासारखा आहे. 1965 पासून सभागृहात असलेले जॉन कॉन्यर्स यांनी डिसेंबर 2017 मध्ये राजीनामा दिला. त्यांची जागा तेव्हा 13 वा मतदारसंघ म्हणून ओळखली जायची. त्यामुळे ऑगस्ट 2018 मध्ये एकाच दिवशी, त्याच मतदारांसमोर दोन प्राथमिक फेऱ्या आल्या. एक उरलेल्या काही आठवड्यांच्या मुदतीसाठी, दुसरी पुढच्या पूर्ण मुदतीसाठी. पहिलीत चार उमेदवार होते, तिथे ब्रेंडा जोन्स जिंकल्या. दुसरीत सहा उमेदवार होते, तिथे तलैब जिंकल्या, सुमारे 31 टक्के मतांवर आणि जेमतेम 900 मतांच्या फरकाने. मतदार तेच, दिवस तोच, आघाडीच्या दोन बायकाही त्याच. उमेदवारांची संख्या बदलली आणि निकाल फिरला. नोव्हेंबरात तर रिपब्लिकन पक्षाने पूर्ण मुदतीसाठी उमेदवारच दिला नव्हता. जोन्स यांना सभागृहात पाचेक आठवडे मिळाले, जानेवारी 2019 पासून ती जागा तलैब यांची झाली. दोन वर्षांनी याच दोघी समोरासमोर आल्या, मध्ये तिसरं कुणी नव्हतं. तेव्हा तलैब दोन तृतीयांशाच्या आसपास मतं घेऊन जिंकल्या.

मतविभागणी हा शब्द आपल्या घराघरांत बोलला जातो, तिचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. 2022 मध्ये तीच गोष्ट ठाणेदारांच्या बाबतीत घडली. नवीन आखणीच्या 13 व्या मतदारसंघात प्राथमिक फेरीला नऊ उमेदवार उभे होते, त्यांतले बहुतेक कृष्णवर्णीय. ठाणेदारांनी स्वतःचे लाखो डॉलर प्रचारात ओतले आणि सुमारे 28 टक्के मतांवर उमेदवारी मिळवली. नोव्हेंबरात 70 टक्क्यांहून जास्त मतं सहज पडली. परिणाम असा की 1955 नंतर पहिल्यांदाच डेट्रॉईटचा काँग्रेसमध्ये एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. मराठी माणूस निवडून आला याचा आनंद आम्हालाही आहे, पण बहुसंख्य कृष्णवर्णीय असलेल्या त्या शहराला ही सल का बोचते, हे आपल्यासारख्या समाजाने तरी समजून घ्यायला हवं. 2024 ला ठाणेदारांचे जुने प्रतिस्पर्धी अॅडम हॉलियर पुन्हा उभे राहायला निघाले, पण उमेदवारी अर्जासोबत लागणाऱ्या 1,000 वैध सह्या भरल्या नाहीत म्हणून त्यांचं नाव मतपत्रिकेवर आलंच नाही. कागदपत्रांचा घोळ तिथेही माणसाला बाहेर बसवतो.

आता सीमारेषांविषयी. दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर जागांचं वाटप नव्याने होतं. 1960 च्या दशकात मिशिगनकडे 19 जागा होत्या. इतर राज्यांची वाढ वेगाने झाली, तशा या जागा घटत गेल्या आणि 2020 च्या जनगणनेनंतर 14 च्या 13 झाल्या. एका मतदारसंघात साधारण 7 लाख 75 हजार लोक येतात. आपल्या महाराष्ट्रात 2011 च्या जनगणनेप्रमाणे हाच आकडा सरासरी 23 लाखांच्या पुढे जातो, कारण राज्याराज्यांतलं आपलं लोकसभेचं वाटप अजून 1971 च्या जनगणनेवर थांबलेलं आहे.

पूर्वी या रेषा राज्याच्या विधिमंडळातला बहुमतवाला पक्ष आखायचा, अर्थातच आपल्या सोयीने. 2016 च्या अखेरीस एका तरुणीने फेसबुकवर याविरुद्ध दोन ओळी लिहिल्या, त्यातून मोहीम उभी राहिली, आणि 2018 मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर करून हे काम 13 नागरिकांच्या स्वतंत्र आयोगाकडे दिलं. चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच कुठल्याच पक्षाचे नसलेले. या आयोगाचा पहिला नकाशा 2022 ला वापरला गेला. तेव्हा डेमोक्रॅट 7 आणि रिपब्लिकन 6 असा निकाल लागला. 2024 ला लॅन्सिंगकडची 7 वी जागा फिरली आणि आकडे उलटे झाले. आयोगही निर्दोष ठरला असं नाही. डेट्रॉईट परिसरातले राज्य विधिमंडळाचे 13 मतदारसंघ वंशाच्या आधारावर आखले, असं सांगून फेडरल न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये ते रद्द केले. काँग्रेसचे मतदारसंघ त्यात नव्हते.

सगळ्या जागा एकतर्फी नसतात. 10 व्या मतदारसंघात 2022 ला रिपब्लिकन जॉन जेम्स तीन लाखांहून जास्त मतांमधून अवघ्या 1,600 मतांनी जिंकले. अशा ठिकाणी नोव्हेंबरलाच एकेका मोहल्ल्याचं वजन पडतं.

2024 ला डिअरबॉर्नने राष्ट्राध्यक्ष आणि खासदार यांचा हिशोब वेगवेगळा केला. गाझातल्या युद्धावरच्या रागातून अरब आणि मुस्लिम मतदार डेमोक्रॅटिक पक्षापासून दूर गेले. शहरात ट्रम्प यांना सुमारे 42 टक्के, हॅरिस यांना 36 आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना 18 टक्के मतं पडली. तलैब मात्र आपल्या मतदारसंघात आरामात निवडून आल्या. त्याआधी नोव्हेंबर 2023 मध्ये सभागृहाने त्यांच्याविरुद्ध 234 विरुद्ध 188 मतांनी निंदेचा ठराव केला होता, पण ऑगस्टच्या फेरीत पक्षातून त्यांच्यासमोर कुणी उभंच राहिलं नाही.

ज्यांची मुलं, भाऊ-बहिणी तिकडे आहेत त्यांच्यासाठी थोडं कामाचं. प्राथमिक फेरीत मत द्यायला मिशिगनमध्ये पक्षाचं सदस्य असावं लागत नाही. पण मतपत्रिकेवर दोन पक्षांचे दोन रकाने असतात आणि एकाच रकान्यात खुणा करायच्या असतात. दोन्हीकडे केल्या तर ती पक्षांची मतं बाद होतात. नाव नोंदवायचं राहिलं असेल तर मतदानाच्या दिवशीही क्लर्कच्या कार्यालयात नोंदवता येतं. टपालाने मत द्यायला कारण सांगावं लागत नाही. हॅमट्रॅमकमध्ये मतपत्रिका बांगला भाषेतही मिळते. 2026 मध्ये प्राथमिक फेरीची तारीख 4 ऑगस्ट, मुख्य मतदानाची 3 नोव्हेंबर.

हे सगळं फक्त अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्यांसाठी. ग्रीन कार्ड किंवा एच-1बी व्हिसावर असलेल्याने या निवडणुकीत मत देणं हा गुन्हा आहे, त्यातून देशाबाहेर काढलं जाण्याची वेळ येऊ शकते. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना तिथे मतदार नोंदणीचाही विषय येतो, तेव्हा नागरिकत्वाच्या प्रश्नावर घाईत 'हो' म्हणू नका, असं आपल्या मुलांना फोनवर जरूर सांगा.