करणे, करावे, करा: शिंदेशाहीच्या कागदातला हुकूम

दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली कायमची विसावली आणि छावणीचेच नाव वस्तीला पडले: लष्कर. तंबूंच्या जागी वाडे उभे राहिले, पण मराठी कागद महादजींच्या दफ्तरातून चालत आलेल्या वळणानेच, मोडीत, लिहिले जात राहिले. आनंदराव भाऊ फाळके यांनी 'शिंदेशाही इतिहासाची साधने' प्रसिद्ध करून यातला मोठा ठेवा वाचकांपुढे आणला. अभ्यासक या पत्रांत लढाया, तह आणि खंडण्या शोधतात. माझी नजर मात्र वाक्याच्या शेवटच्या शब्दावर खिळते. कोणाला कोणावर किती हुकूम चालवता येत होता, याचा सर्वांत अचूक हिशेब त्या क्रियापदात आहे, असे माझे म्हणणे आहे. आणि गंमत अशी की या हुकमी कागदांत आपण शाळेत शिकलो तो आज्ञार्थ, म्हणजे 'कर' आणि 'करा', अपवादानेच भेटतो.

हाताखालच्या अमलदाराला लिहायचे तर वळण असे: वसूल पाठवणे, बंदोबस्त करणे, रयतेस उपद्रव न देणे. बरोबरीच्या सरदाराला लिहायचे तर पाठवावे, करावे. वरिष्ठाकडे जाणाऱ्या पत्रात विनंती असते आणि मागणेही 'आज्ञा करावी' अशा रूपात येते, म्हणजे हुकूम करण्याचीच विनवणी. १७८४ नंतर महादजींचा शब्द दिल्लीच्या बादशाही कारभारात अखेरचा होता. तरी पुण्याला पेशव्यांकडे जाणारे पत्र विनंतीचेच. माणूस एकच, पण कागद कोणत्या दिशेला चालला आहे त्यावर क्रियापद बदलते. 'करावे' हे रूप संस्कृत 'कर्तव्यम्' या घडणीतून आले आहे; त्यात 'हे केले जायला हवे' एवढाच भाव आहे. 'करणे' तर उघड नामच. त्यात कर्ता नाही, काळ नाही, 'तू' नाही आणि 'तुम्ही'ही नाही. समोरच्याशी बोलण्याची गरजच उरलेली नाही. कामाचे नाव घेतले की ते झालेच पाहिजे. शेवटी येणारे 'जाणिजे' हेही जुने कर्मणी रूप, 'जाणले जावे' असे सांगणारे. सर्वांत कडक हुकूम सर्वांत निर्विकार रूपात लिहिला गेला.

मोडीचा कागद डोळ्यांसमोर आणला की या रूपांचे आणखी एक काम कळते. लेखक आधी कागदभर आडवी शिरोरेषा ओढतो आणि मग बोरूने तिला अक्षरे लटकवत जातो. शब्दांत अंतर नाही, पूर्णविराम नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. वाचणारा त्या अखंड ओळीत वाक्य तोडतो ते क्रियापदावर. 'करणे' आले की एक कलम संपले, 'जाणिजे' आले की मजकूर संपत आला. कारकुनाच्या डोळ्याला हीच विरामचिन्हे होती, आणि प्रत्येक विरामावर दर्जा नव्याने अधोरेखित होत होता.

यावर कोणी म्हणेल की हा निव्वळ चिटणिशी साचा. लेखक सवयीने लिहीत, त्यात अर्थ काय शोधायचा? साचा होता, हे खरेच. पण एकाच हाताचा लेखक एकाला 'पाठवणे' आणि दुसऱ्याला 'पाठवावे' लिहितो, तेव्हा ती निवड ठरते. साचा म्हणजे समाजाने एकदाच करून ठेवलेली निवड, आणि म्हणूनच तो पुरावा म्हणून जास्त भरवशाचा. दुसरी शंका ग्वाल्हेरमुळेच येते: हे 'करणे' हिंदीच्या 'करना'वरून तर आले नाही? भोवती हिंदी होती आणि 'कल आना', 'खत लिखना' असा हुकूम तिथे रोजचा. पण मराठी 'करणे' आणि 'जाणिजे' शिवकालीन पत्रांतही आहेत, म्हणजे शिंद्यांचा उत्तरेत जम बसण्याच्या कितीतरी आधी. शिवाय दोन्हींची जात वेगळी. हिंदीतले 'करना' सलगीचे आहे, 'तुम' म्हणण्याजोग्या माणसाला, पुढे करायच्या कामासाठी. मराठी 'करणे' कचेरीतून खाली उतरणारे. एकच साचा, पण एका भाषेत त्याने जवळीक दाखवली आणि दुसरीत अंतर.

हा प्रकार आपल्याकडचाच असेही नाही. स्पॅनिशमध्ये 'तू बोल' म्हणायला 'हाब्ला' हे रूप, जे 'तो बोलतो'लाही तेच. आदराने सांगायचे तर 'हाब्ले', आणि हे रूप इच्छा-संकेत दाखवणाऱ्या रूपमालेतून घेतलेले, म्हणजे आपल्या 'करावे'चे शेजारी. आदरार्थी 'उस्तेद' हा शब्दच 'वुएस्त्रा मेर्सेद', 'आपली कृपा', या दरबारी संबोधनातून झिजून झाला. त्यामुळे समोरच्याला सांगतानाही क्रियापद तृतीय पुरुषी लागते. आणि दारावर पाटी असते 'एम्पुखार': ढकलणे. कोणालाच उद्देशून नाही, म्हणून सगळ्यांना लागू. शिंद्यांच्या अमलदाराला हे व्याकरण समजावून सांगावे लागले नसते.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ मध्ये छापले गेले आणि पुढे शाळांतून 'करा' आज्ञार्थात, 'करावे' विध्यर्थात असे खण पक्के झाले. हुकमाचे 'करणे' मात्र नुसते धातुसाधित नाम म्हणून उरले. त्याची सत्ता व्याकरणाच्या तक्त्यात कुठे दिसत नाही. मला ही उणीव मोठी वाटते, कारण मराठीने दीडदोनशे वर्षे ज्या रूपात राज्य चालवले तेच तिच्या विद्यार्थ्याला अनोळखी राहते. १९४८ मध्ये ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. 'करणे'चा हुकूम सरकारी मराठीतूनही मागे पडला. तिथे आता 'अर्ज सादर करावा', 'कार्यवाही करण्यात यावी'. घरच्या पत्रात 'लोभ असावा' टिकले आहे. आणि लग्नपत्रिकेत अजून छापतात, 'अगत्य येण्याचे करावे': आत दफ्तराचे नामरूप, वर बरोबरीच्या सरदाराला लिहावे तसे 'करावे'.