ग्वायूल व मारिओला

(लॅ. पार्थेनियम अर्जेंटेटम व पार्थेनियम इन्कॅनम, कुल-अॅस्टरेसी, जुने नाव कंपॉझिटी). मेक्सिकोचा उत्तर-मध्य भाग व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील टेक्सस राज्याचा लगतचा प्रदेश यांवर पसरलेल्या चिवावा वाळवंटातील, सूर्यफुलाच्या कुलातल्या एकाच वंशाची दोन रानटी झुडपे. चुनखडीच्या कोरड्या उतारांवर ती पुष्कळदा शेजारीशेजारी वाढतात. दोन्ही साधारणपणे मीटरभर किंवा त्याहून कमी उंचीची, लवदार व करड्या रंगाची असून दुरून सारखीच दिसतात. ग्वायूलमध्ये रबर भरपूर असते. मारिओलात ते नगण्य असते. त्यामुळे या दोहोंतील भेद ओळखणे हा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रथम व्यापाराचा आणि पुढे युद्धकालीन निकडीचा प्रश्न झाला.

फुलांवरून हा भेद सहजासहजी कळत नाही. महाराष्ट्रात १९५०–६० या दशकात पुण्याहून नोंदले गेलेले आणि पुढे सर्वत्र माजलेले गाजर गवत याच वंशातील असल्याने या फुलांची ठेवण मराठी वाचकास परिचित आहे : लहान पांढरट स्तबक, त्याच्या कडेला पाच आखूड किरण-पुष्पके, आणि फक्त त्यांनाच धरणारी फळे. (गाजर गवत ही मात्र वर्षायू ओषधी असून रबराच्या दृष्टीने निरुपयोगी आहे.) ग्वायूल व मारिओला ओळखताना पाने आणि फुलोऱ्याचा दांडा पाहावा लागतो. ग्वायूलची पाने अरुंद, रुपेरी, अखंड किंवा थोडेच दाते असलेली असतात व फुलोरा लांब, पर्णहीन दांड्यावर झुडपाच्या वर येतो. मारिओलाची पाने लहान, कडेने नागमोडी वा खंडित व लोकरीसारख्या लवेची असून स्तबके पानांच्या फांद्यांवरच झुबक्यांनी येतात.

मारिओलाचे शास्त्रीय नामकरण कुंट यांनी हंबोल्ट व बाँप्लां यांच्या संग्रहाच्या आधारे १८२० च्या सुमारास केले. ग्वायूलचे नमुने बिगेलो यांनी १८५२ मध्ये टेक्ससमध्ये गोळा केले आणि एसा ग्रे यांनी १८५९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. एका जातिवाचक नावाचा अर्थ ‘रुपेरी’, तर दुसऱ्याचा ‘करडे-पांढरे’. म्हणजे नावांवरून नवख्याचा गोंधळ वाढण्याचाच संभव अधिक. स्थानिक लोकांना मात्र कोणत्या झुडपाची साल चघळली असता रबराचा गोळा हाती लागतो, हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. ती कसोटी ओबडधोबड खरी. पण पुढील शंभर वर्षांत जो गुण सर्वांना हवा होता, नेमका तोच ती दाखवीत होती.

१८७६ च्या फिलाडेल्फिया येथील प्रदर्शनात दुरांगो राज्याने ग्वायूलचे रबर मांडले. विसाव्या शतकाच्या आरंभी तोरेऑन व आसपासच्या गावी कारखाने निघाले आणि १९१० च्या सुमारास संयुक्त संस्थानांत वापरल्या जाणाऱ्या रबरापैकी सुमारे निम्मे ग्वायूलपासून येऊ लागले. या झुडपातील रबर चीकवाहिन्यांत नसून साल व मुळे यांच्या कोशिकांत असते. त्यामुळे पारा रबराच्या झाडाप्रमाणे खाचा पाडून चीक काढता येत नाही; सबंध झुडूप उपटून, कुटून, पाण्यात घुसळून वर तरंगणारे रबर वेचावे लागते. मोळ्यांत मारिओला मिसळले, तर वजन वाढे, रबर वाढत नसे. शिवाय उपटलेले झुडूप पुन्हा उभे राहत नाही. काही वर्षांतच रानटी ग्वायूल अनेक ठिकाणी विरळ झाले.

फ्रान्सिस लॉइड यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्वायूलवरील ग्रंथ हा या वनस्पतीचा पहिला सांगोपांग अभ्यास होय. त्याच सुमारास मेक्सिकोत क्रांती उसळली. विल्यम मॅकॅलम हे शास्त्रज्ञ तंबाखूच्या डब्यातून ग्वायूलचे बी घेऊन संयुक्त संस्थानांत परतले, असे सांगतात. त्यांनी निवडलेल्या वाणांची पुढे कॅलिफोर्नियातील सॅलिनस खोऱ्यात लागवड झाली. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातील रबराचे मळे जपानच्या ताब्यात गेल्यावर मार्च १९४२ मध्ये संयुक्त संस्थानांच्या शासनाने आणीबाणीची रबर योजना हाती घेतली आणि सुमारे ३२,००० एकरांवर ग्वायूल लावले. मान्झनार येथील छावणीत स्थानबद्ध केलेल्या जपानी वंशाच्या अमेरिकन नागरिकांनीही तुटपुंज्या साधनांनिशी या वनस्पतीवर उल्लेखनीय संशोधन केले.

या निकडीमुळेच दोन जातींमधली सीमा प्रथम बारकाईने तपासली गेली आणि ती पुसट असल्याचे आढळले. रीड रोलिन्स यांनी १९४४ मध्ये, ग्वायूल व मारिओला यांचा निसर्गतः संकर होतो, याचा पुरावा मांडला. सर्वांत उपयोगी खूण डोळ्यांना न दिसणारी निघाली. सूक्ष्मदर्शकाखाली ग्वायूलच्या पानावरील केस इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखे, आखूड भुजांचे व पृष्ठाला चिकटलेले दिसतात. रुपेरी चमक त्यांचीच. मारिओलाचे केस चाबकासारखे लांब व गुंतलेले असतात. ज्यांच्या केसांच्या भुजा मधल्याच लांबीच्या, अशी झुडपे संकरजन्य असण्याचा संभव असतो. ती बाहेरून अस्सल ग्वायूल वाटली, तरी त्यांत रबर कमी भरू शकते.

संकर रानात टिकून का राहतात, याचे उत्तर गुणसूत्रांनी दिले. ग्वायूलमध्ये ३६, ५४ किंवा ७२ गुणसूत्रे आढळतात. ३६ गुणसूत्रांची झुडपे नेहमीप्रमाणे फलनाने बी धरतात. त्याहून अधिक असलेल्यांत मात्र बहुधा फलनाशिवायच बी तयार होते व संतती मातेची हुबेहूब नक्कल असते. एकदा निर्माण झालेले मधले रूप अशा रीतीने पिढ्यानुपिढ्या तसेच राहू शकते. लॉइड यांच्या काळी हे ज्ञात नव्हते.

युद्ध संपले, कृत्रिम रबर स्वस्तात मिळू लागले आणि १९४६ मध्ये योजना गुंडाळण्यात आली. उभी पिके उपटून व जाळून टाकण्यात आली. सुमारे १,४०० टन रबर एवढेच तिचे प्रत्यक्ष फळ. १९७०–८० या दशकात खनिज तेल महागल्यावर ग्वायूलकडे पुन्हा लक्ष वळले, तेव्हा रानटी झुडपांतून निवड करण्यासाठी पानांवरील केसांचीच कसोटी पुन्हा वापरात आली.