जुन्या स्पोर्ट्स कारला टर्बो इंजिन : खर्चाचा हिशेब कसा मांडावा?

कोराडी - औष्णिक वीज केंद्रामुळे ‘टर्बाइन’ हा शब्द कोराडीकरांना नवा नाही. येथील संचांची टर्बाइने वाफेच्या जोरावर मिनिटाला 3000 फेरे घेतात. मोटारीच्या टर्बोचार्जरमध्येही एक लहानसे टर्बाइनच असते. ते सायलेन्सरकडे जाणाऱ्या तप्त वायूवर चालते व मिनिटाला दीड लाखाहून अधिक फेरे घेऊ शकते. त्याच दांड्यावर बसवलेला पंखा हवा दाबून इंजिनात भरतो. अधिक हवेबरोबर अधिक इंधन जळते आणि लहान इंजिनही मोठ्या इंजिनाइतकी ताकद देते. जुन्या, आवडत्या गाडीत असे इंजिन बसवावे, असे अनेक मोटारप्रेमींच्या मनात असते. मात्र या कामाचा हिशेब बहुतेकदा इंजिनाच्या किमतीपाशीच थांबतो आणि अर्धवट उघडलेली गाडी वर्षानुवर्षे वर्कशॉपच्या कोपऱ्यात पडून राहते.

वीज केंद्राचे उदाहरण येथेही उपयोगी पडते. कोराडीत 1974 पासून सुरू झालेले 120 मेगावॉटचे पहिले संच आता इतिहासजमा झाले आहेत. त्यानंतर 660 मेगावॉटचे तीन संच उभे राहिले, तेव्हा केवळ टर्बाइन नवे आले नाही. बॉयलर, शीतकरण, नियंत्रण अशी सारी यंत्रणाच नव्याने उभारावी लागली. ताकद वाढवायची, तर ती पेलणारे सारे काही वाढवावे लागते. हा नियम मोटारीलाही लागू आहे.

महाराष्ट्रातील जोडी

भारतात खऱ्या अर्थाने स्पोर्ट्स कार म्हणाव्यात अशा गाड्या थोड्याच झाल्या. 1990 च्या दशकाच्या अखेरीस आलेली दोन आसनी ‘सॅन स्टॉर्म’ ही त्यांतील एक. त्यामुळे बहुतेक हौशी चालकांनी आपली हौस चपळ छोट्या गाड्यांवरच भागवली. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली आणि 2001 मध्ये बाजारात आलेली फियाट पालिओ 1.6 ही अशीच गाडी. तिच्या इंजिनाची ताकद सुमारे 100 अश्वशक्ती होती.

याच कंपनीच्या रांजणगाव येथील कारखान्यातून 2010 मध्ये लिनिया टी-जेट ही टर्बो पेट्रोल गाडी आली. तिचे इंजिन 1368 सीसीचे. ताकद 114 अश्वशक्ती आणि टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा पीळ, 207 न्यूटन मीटर. कागदावर अश्वशक्ती थोडीच वाढलेली दिसते. पण पीळ पालिओच्या जवळपास दीडपट होतो. याच इंजिनाची 145 अश्वशक्तीची आवृत्ती 2015 च्या पुंतो अबार्थमध्ये होती. साहजिकच पालिओप्रेमींची नजर या इंजिनाकडे वळते. मात्र फियाटने 2019 मध्ये भारतातील मोटारींचे उत्पादन थांबवले. तेव्हापासून असे इंजिन मिळवण्याचा मुख्य मार्ग म्हणजे अपघातग्रस्त वा मोडीत निघालेली गाडी.

हिशेबाचा नमुना

भाव गावागणिक आणि मालाच्या स्थितीनुसार बदलतात. त्यामुळे पुढील आकडे बाजारभाव म्हणून नव्हे, तर हिशेब मांडण्याची पद्धत म्हणून वाचावेत. टर्बो, गिअरबॉक्स, वायरिंग व संगणक (ईसीयू) यांसह जुने इंजिन 1 लाख 20 हजार रुपयांना मिळाले, असे समजू. त्यानंतरचे खर्च असे :

- इंजिन उघडून तपासणे, टायमिंग बेल्ट, सील, गॅस्केट, टर्बोची दुरुस्ती : 50 हजार
- क्लच, ड्राइव्हशाफ्ट, इंजिनाचे नवे माउंटिंग : 50 हजार
- रेडिएटर, इंटरकूलर, ऑइलच्या नळ्या, सायलेन्सर : 50 हजार
- इंधनपंप, वायरिंगची जुळणी, ईसीयू व चावीतील इमोबिलायझर : 40 हजार
- ब्रेक, सस्पेन्शन, टायर : 50 हजार
- मजुरी, लेथकाम, वेल्डिंग : 60 हजार

एकूण बेरीज 4 लाख 20 हजार रुपये होते. गाडी उघडल्यानंतर सापडणारा गंज, चुकीचा निघालेला भाग आणि दुसऱ्यांदा करावे लागणारे काम यांसाठी एक चतुर्थांश रक्कम, म्हणजे 1 लाख 5 हजार, राखून ठेवावी. हिशेब 5 लाख 25 हजारांवर जातो. ज्या इंजिनाच्या किमतीवरून बेत आखला, ते इंजिन एकूण खर्चाच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी भरते.

यातील ब्रेकची ओळ सर्वांत आधी खोडली जाते. ती खोडू नये. वेग वाढला आणि ब्रेक जुनेच राहिले, तर धोका चालकापुरता उरत नाही. थंडाव्याच्या खर्चातही काटकसर नको. मे महिन्यात नागपूर परिसराचा पारा 45 अंशांच्या वर जातो. अशा हवेत इंटरकूलर अपुरा पडला, तर इंजिनात वेळेआधी स्फोट होऊन पिस्टन निकामी होऊ शकतो. नव्या सुट्या भागांवर 22 सप्टेंबर 2025 पासून सरसकट 18 टक्के जीएसटी आहे. पूर्वी अनेक भागांवर तो 28 टक्के होता. दरपत्रक घेताना रक्कम करासह आहे की करावाचून, हे विचारून घ्यावे.

कायद्याची ओळ सर्वांत वर

या हिशेबात पैशांत न मावणारी एक बाब आहे आणि ती पहिल्या ओळीत हवी. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ही तरतूद अधोरेखित केली. निकामी इंजिनाच्या जागी त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे इंजिन घालून आरटीओकडून आरसी दुरुस्त करून घेणे तुलनेने सोपे. वेगळ्या क्षमतेचे टर्बो इंजिन मात्र मूळ तपशिलात बसत नाही. कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात.

खरा फटका पुढेच बसतो. आरसीवरील इंजिन क्रमांक आणि बोनेटखालील क्रमांक जुळला नाही, तर अपघातानंतर विम्याचा दावा अडचणीत येतो. गाडी 15 वर्षांची झाल्यावर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तपासणी होते. तेथेही हीच अडचण उभी राहते. ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांहून जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क 10 हजार रुपये झाले आहे. हरित कर वेगळा. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 2021 मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय झाली. पण त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. इंजिन बदलले की तो मार्गही बंद होतो.

त्यामुळे पहिला रुपया खर्च करण्यापूर्वी आपल्या नोंदणी कार्यालयात लेखी अर्ज करून लेखी उत्तर घ्यावे. तोंडी होकाराला अर्थ नाही. जुने इंजिन घेताना बिल, मूळ गाडीच्या आरसीची प्रत आणि विक्रेत्याचे ओळखपत्र घ्यावे. चोरीच्या गाडीचे इंजिन जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे.

दुसरे मार्ग

परवानगी मिळाली नाही, तर दोन वाटा उरतात. पहिली, गाडी केवळ शर्यतीच्या ट्रॅकवर चालवण्याची. कोईमतूर व चेन्नईजवळ असे ट्रॅक आहेत. मात्र विदर्भातून तेथे गाडी ट्रेलरवर न्यावी लागेल आणि तो खर्च प्रत्येक फेरीला होईल. दुसरी वाट मूळ इंजिनच नीट बांधून घेण्याची. बोअर, पिस्टन रिंग, व्हॉल्व्ह यांचे काम, नवा क्लच, चांगले ब्रेक आणि नवे टायर एवढ्यात वीस वर्षांची पालिओ पुन्हा तरतरीत धावू शकते. आरसी बदलावी लागत नाही, विमा शाबूत राहतो आणि गाडी पुढे विकताही येते.

टर्बोची हौस वावगी नाही. मात्र आरटीओचे लेखी उत्तर आणि राखीव रक्कम या दोन्ही गोष्टी हाती आल्याखेरीज जुने इंजिन उतरवू नये. एकदा ते भंगारात गेले, की परतीचा रस्ता राहत नाही.