श्लुम्फ बंधूंच्या मोटारी आणि गिरणी कामगार

१/ फ्रान्सच्या अल्सास प्रांतातील मुलूझ येथे हान्स आणि फ्रिट्झ श्लुम्फ या बंधूंच्या लोकरीच्या गिरण्या होत्या. धाकट्या फ्रिट्झला वेड होते जुन्या मोटारींचे. त्यातही अल्सासमध्येच घडलेल्या बुगाटींचे.

२/ १९६०च्या दशकात त्याने एका अमेरिकी संग्राहकाच्या ३० बुगाटी एकदम विकत घेतल्या. बुगाटीने ‘रोयाल’ या मॉडेलच्या अवघ्या ६ गाड्या बांधल्या होत्या. त्यांपैकी २ त्याच्याकडे आल्या.

३/ परंतु जुनी मोटार विकत घेऊन भागत नाही. सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, ते घडवून घ्यावे लागतात. फ्रिट्झने एका जुन्या गिरणीतच कारागीर बसवले. हे काम गुप्तपणे चाले. लोकरीचा धंदा खालावला, तरी संग्रहावरचा खर्च सुरूच राहिला.

४/ अखेर गिरण्या बुडाल्या आणि बंधू स्वित्झर्लंडला निघून गेले. मार्च १९७७मध्ये कामगार त्या बंद इमारतीत शिरले. आत ४००हून अधिक मोटारी झळकत होत्या. कामगारांनी सुमारे २ वर्षे इमारतीचा ताबा ठेवला आणि दारे लोकांसाठी उघडली.

५/ १९७८मध्ये फ्रेंच शासनाने संग्रहाला राष्ट्रीय वारशाचे संरक्षण दिले, म्हणून तो विखुरला नाही. १९८२पासून तिथे संग्रहालय आहे. तिथल्या प्रत्येक चकाकत्या मोटारीत श्लुम्फांच्या हौसेइतकाच गिरणी कामगारांचा घामही आहे.