‘इंद्रसभा’ : एका नावाचा अन्वयार्थ

वेरूळच्या ३० ते ३४ या जैन लेण्यांपैकी बत्तिसावे लेणे ‘इंद्रसभा’ म्हणून ओळखले जाते. इंद्राची सभा मात्र तेथे नाही. वडाखाली गजारूढ असलेला यक्ष इंद्र मानला गेला आणि आंब्याखाली सिंहासह, मूल घेऊन बसलेली अंबिका ओघानेच इंद्राणी ठरली. प्रश्न केवळ मूर्तीच्या ओळखीचा असता तर दुरुस्ती करून थांबता आले असते. परंतु या नावाने लेण्याचे केंद्रच परिवाराकडे सरकले. वाहन, आभूषणे, फळांनी लगडलेली झाडे हे सारे वैभव यक्ष-यक्षीचे. गाभाऱ्यातील जिन निराभरण आणि निश्चल.

समोरासमोर योजलेल्या पार्श्वनाथ व बाहुबली यांच्या शिल्पांत हा विरोध अधिक तीव्र होतो. पार्श्वनाथावर उपसर्गकर्ते तुटून पडले आहेत, नाग फणांचे छत्र धरून आहे. बाहुबलीच्या अंगावर वेली चढल्या आहेत. राष्ट्रकूटकालीन जिनसेनाच्या ‘आदिपुराणा’त बाहुबलीचा प्रतिमायोग वर्षभराचा आहे. ते वर्ष दगडात दाखवायचे कसे? शिल्पकाराने देह तसाच ठेवला आणि वेल मांडीपर्यंत, दंडापर्यंत वाढवली. तिला नक्षीकाम समजणारी कलासमीक्षा (अशी समीक्षा विरळ नाही) इंद्राचे नाव देणाऱ्यांच्याच वाटेने जाते.